वरिष्ठांच्या प्रकृतीची चौकशी

गुरुवार म्हटला की आपल्याकडे दत्ताचा वार. कुणी उपास धरतं, कुणी निदान त्या दिवशी तरी मासळीबाजाराकडे फिरकत नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश आरमारातले अधिकारीही वार पाळत, पण पेला हातात घेऊन. रात्रीची जेवणं उरकली की आधी राजाच्या नावानं प्यायचं, मग त्या त्या वाराला ठरलेली इच्छा बोलून प्यायचं. शनिवारी बायका आणि प्रेयसी यांच्या नावानं, आणि वर हळूच पुस्ती, की त्या दोघींची कधी गाठ न पडो. गुरुवारी मात्र सगळे एका सुरात म्हणत, की घनघोर युद्ध होवो, नाहीतर रोगाची साथ तरी येवो!

हे मागणं शत्रूच्या नाशासाठी नव्हतं. मरायचं होतं ते आपल्यातल्याच कुणीतरी, आणि शक्यतो आपल्या वरच्यानं. वरचा गेला की जागा रिकामी, आणि जागा रिकामी झाली की बढती. ज्याच्या मरणाची वाट पाहायची तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून तितक्याच भक्तिभावानं पेला उचलत असे, कारण त्याच्याही वर कुणीतरी होतंच.

आरमारी अधिकारी म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे तोफांचा धूर येतो, फाटलेली शिडं येतात, डेकवर कोसळलेला नेल्सन येतो. माझ्या डोळ्यांपुढे यादी येते. उमेदीची सगळी वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? दर वर्षी १ जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती ज्येष्ठता यादी निघायची आणि तिच्यावर हरकती मागवल्या जायच्या. मग एरवी आपल्या मुलांचे वाढदिवस विसरणारी माणसं शेजारच्या टेबलावरच्याची जन्मतारीख, रुजू दिनांक आणि सेवानिवृत्तीचा महिना घडाघडा म्हणून दाखवायची. तोफा आणि खारा वारा वगळला तर ब्रिटिश आरमार अगदी तसंच होतं. फरक एवढाच, की आमच्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी वरचा आपोआप घरी जायचा. त्यांच्याकडे निवृत्तीचं वयच नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांना साथीवर भिस्त ठेवावी लागायची.

या यादीत शिरायची वाटही आपल्या ओळखीचीच होती. होरेशिओ नेल्सन नॉरफोकमधल्या एका पाद्र्याचा मुलगा. आई लवकर गेलेली, घरात पोरंच पोरं आणि पैशाची ओढगस्त. मामा मॉरिस सकलिंग मात्र आरमारात कॅप्टन. त्यांना जहाज मिळाल्याचं कळताच घरून पत्र गेलं. मामांचं उत्तर साधारण असं होतं, की एवढ्या पोरांतून हा अशक्त पोरगाच का पाठवताय? पण पाठवा, पहिल्याच चकमकीत तोफेच्या गोळ्यानं डोकं उडालं तर त्याची कायमची सोय लागेल. १७७१ साली बारा वर्षांचा होरेशिओ जहाजावर चढला. वशिला याहून मोकळेपणानं दिल्याचं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

पुढे परीक्षा होती, हे कबूल करायला हवं. रोजनिशीकार म्हणून आपल्याला माहीत असलेले सॅम्युअल पीप्स हे आरमाराच्या कारभारातले बडे अधिकारी. त्यांनी १६७७ मध्ये लेफ्टनंटपदासाठी परीक्षा सुरू केली. तोवर कुणाचाही लाडका भाचा थेट लेफ्टनंट होत असे. आता भाच्याला सुरुवातीला निदान तीन आणि पुढच्या काळात सहा वर्षं समुद्रावर काढून मग परीक्षेला बसावं लागू लागलं. परीक्षा तोंडी असायची. टेबलामागे कॅप्टन बसलेले, समोर हातात रोजनाम्यांच्या वह्या आणि दाखले धरून उभा असलेला पोरगा. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू. वारा असा फिरला, खडकाळ किनारा इतका जवळ आहे, डोलकाठी मोडली आहे, आता काय करशील? पोराच्या प्रत्येक उत्तरावर कॅप्टन लोक त्याच्यासाठी आणखी एक संकट उभं करायचे, आणि शेवटी पोरगा तरी संपायचा, नाहीतर संकटं तरी.

बरोबर शंभर वर्षांनी, १७७७ मध्ये, नेल्सन या परीक्षेला बसला. मंडळाचे प्रमुख होते सकलिंगमामा. भाचा उत्तम पास झाल्यावर मामांनी इतर परीक्षकांना सांगितलं, की हा माझा बहिणीचा मुलगा. आधी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला झुकतं माप दिलं असतंत. ही हकिकत नेल्सनच्या घरच्यांनीच पुढे सांगितली, म्हणून थोडी सूट देऊन वाचावी. नियमानं लेफ्टनंटला वीस वर्षं पुरी हवीत. आमचा उमेदवार अठराचा होता. याकडे मामांचं लक्ष गेलं नाही. भाच्याच्या वयाची खबर सगळ्या मंडळात फक्त मामांनाच असणार, हेही खरं.

आणि समुद्रावरची सहा वर्षं? तीही कागदावर भरता येत. लॉर्ड कॉक्रनच्या काकांनी पुतण्याचं नाव तो पाच वर्षांचा असल्यापासून जहाजांच्या हजेरीपटावर चढवून ठेवलं होतं, एका नव्हे, चार चार जहाजांच्या. त्याच सुमारास वडिलांनी त्याच्यासाठी भूदलातलीही एक जागा मिळवून ठेवली. पोरगा घरी स्कॉटलंडमध्ये खेळत असताना ब्रिटनचं जमिनीवर आणि पाण्यावर एकाच वेळी रक्षण करत होता. तो खरोखरचा जहाजावर चढला १७९३ मध्ये, सतराव्या वर्षी. गंमत अशी, की पुढे हाच कॉक्रन त्या काळातल्या सगळ्यात धाडसी आणि कल्पक कॅप्टनांपैकी एक निघाला. वशिल्याचा माणूस बिनकामाचाच असतो, असं मानून गप्पा मारणाऱ्या आमच्यासारख्यांची यानं फार पंचाईत होते.

परीक्षेआधी नेल्सन आपल्या बाजूला येऊन गेला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. ‘सीहॉर्स’ जहाजावरचा हा पोरगा १७७५ च्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीचे पैसे मुंबईला पोचवायच्या कामगिरीवर होता. राघोबादादांच्या भानगडीत कंपनी उतरत होती, तो हा काळ. त्या प्रवासात १९ फेब्रुवारीला हैदरअलीच्या दोन गलबतांशी ‘सीहॉर्स’ची चकमक झाली. पुढे ट्रफाल्गारची आरमारी लढाई गाजवणाऱ्या या वीरानं पहिल्यांदा तोफा झडताना पाहिल्या त्या आपल्या बाजूच्या समुद्रात. वर्षभरात त्याला आपल्याकडच्या तापानं असं पछाडलं, की १७७६ मध्ये दुसऱ्या जहाजात घालून त्याला मायदेशी रवाना करावं लागलं. गुरुवारची प्रार्थना ऐकणाऱ्या देवतेनं यादीतलं नाव नीट वाचलं नव्हतं, म्हणायचं.

वेस्ट इंडीजमध्ये या देवतेनं भरपाई केली. तिथं पिवळ्या तापानं माणसं पटापट जायची, म्हणून घरच्यांना धडकी भरवणारी ही नेमणूक महत्त्वाकांक्षी लेफ्टनंट मागून घेत. १७७९ मध्ये, वय वर्षं वीस, नेल्सन कॅप्टन झाला. पुढच्या वर्षी निकाराग्वाच्या नदीतल्या मोहिमेत त्याच्या जहाजावरची बहुतेक माणसं तापानं मेली. स्वतः नेल्सन वाचला, कारण ऐन वेळी दुसऱ्या जहाजावर बदलीचा हुकूम आला. बदलीच्या हुकमानं जीव वाचल्याचं वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या वेळी तो हुकूम जीव घ्यायलाच यायचा.

कॅप्टन होईपर्यंत शौर्य, मामा आणि ताप या तिघांचा उपयोग. त्यानंतर तिघांनाही काम उरत नसे. एकदा कॅप्टनांच्या यादीत नाव चढलं की तिथून पुढे फक्त सरकायचं. कुणाला वगळून कुणी वर जाऊ शकत नाही, राजाचा लाडका असला तरी नाही. वरचा मेला की सगळे एकेक घर पुढे. वर पोचलं की अ‍ॅडमिरलांची शिडी, आणि तीही रंगीत. आधी निळ्या पथकाचा रिअर अ‍ॅडमिरल, मग पांढऱ्याचा, मग तांबड्याचा. त्यानंतर व्हाइस अ‍ॅडमिरल, पुन्हा निळा, पांढरा, तांबडा. आणि मग अ‍ॅडमिरल. माणूस तोच, काम तेच किंवा काहीच नाही, रंग मात्र बदलत राहणार. ट्रफाल्गारला पडला तेव्हा नेल्सन पांढऱ्या पथकाचा व्हाइस अ‍ॅडमिरल होता. म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक असलेला हा माणूस शिडीच्या जेमतेम मध्यावर होता.

या पद्धतीत एक अडचण होती. समजा, तिसाव्या नंबरचा कॅप्टन हुशार आहे आणि ताफा त्याच्या हाती द्यायचा आहे. तर आधीच्या एकोणतीस जणांनाही अ‍ॅडमिरल करावं लागणार. त्यांतला एक बहिरा, एकाला गाऊट, तिसऱ्यानं वीस वर्षांत जहाज पाहिलेलं नाही. यावर १७४७ मध्ये, आरमाराचा कारभार बघणाऱ्या अ‍ॅन्सनच्या काळात, तोडगा निघाला. या एकोणतिसांतल्या नकोशांना रिअर अ‍ॅडमिरल म्हणायचं, पगार द्यायचा, पण कुठलंच पथक द्यायचं नाही. निळा नाही, पांढरा नाही, तांबडा नाही. आरमारातल्या टवाळांनी लगेच नाव ठेवलं, पिवळा अ‍ॅडमिरल. पिवळं पथक कुठल्याच समुद्रावर नव्हतं. कुणाचा अपमान न करता त्याला अडगळीत टाकायची इतकी सभ्य रीत शोधून काढणाऱ्या कारकुनाला खरं तर पुतळा हवा होता.

पुतळे मिळाले ते दुसऱ्यांना. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसनचं स्मारक आहे. साहेब रोमन पद्धतीचा झगा पांघरून उभे आहेत, एका बाजूला कलकत्ता नगरी बाईच्या रूपात गुडघे टेकून बसलेली, आणि खाली कोरीव अक्षरांत घेरिया घेतल्याची तारीख, १३ फेब्रुवारी १७५६. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. तुळाजी आंग्र्यांवर पेशव्यांची फौज जमिनीवरून आणि वॉटसनचा ताफा समुद्रातून चालून गेला, ती ही मोहीम.

मोहिमेतला मला आवडलेला भाग तोफा सुटण्याच्या आधीचा आहे. ताफा मुंबईत असतानाच इंग्रजांनी बसून लुटीची वाटणी ठरवली. पेशव्यांना तीत धरायचं नाही, यावर चटकन एकमत झालं. पण भूदलाचा प्रमुख रॉबर्ट क्लाइव्ह याला किती, यावर घोडं अडलं. आरमारवाले म्हणाले, कॅप्टनाएवढा वाटा. भूदलवाले म्हणाले, छे, दुसऱ्या नंबरचे अ‍ॅडमिरल पोकॉक यांच्याएवढा. शेवटी वॉटसन म्हणाले, फरक मी माझ्या वाट्यातून भरून देतो. आणि क्लाइव्हनं तो घ्यायला नकार दिला. किल्ला अजून तुळाजींच्या ताब्यात होता आणि इकडे दोघं सभ्यपणाची शर्यत लावून बसले होते. पुढे किल्ला पडला, बंदरातलं तुळाजींचं आरमार जळून गेलं, आणि सुमारे दहा लाख रुपयांची लूट ठरल्याप्रमाणे वाटली गेली. किल्ल्याबाहेर तळ ठोकून बसलेल्या दोस्तांना तिच्यातली दमडीही मिळाली नाही.

आपल्या आरमारातली बढतीची पद्धत कशी होती, असं कुणी विचारेल. आपल्याकडे यादी नव्हती, भाऊ होते. सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले. त्यांच्या जागी आलेले थोरले चिरंजीव सेखोजी यांच्या मागे भाऊ संभाजी आणि मानाजी यांच्यात फूट पडली, कुलाबा एकाकडे आणि विजयदुर्ग दुसऱ्याकडे गेला, आणि मग तुळाजींच्या वेळी पेशव्यांनीच इंग्रजांना हाताशी धरलं. ज्येष्ठतेची यादी रटाळ खरी, पण तिच्यापायी इंग्रजांच्या आरमाराचे दोन तुकडे कधी झाले नाहीत. विजयदुर्गाचं बंदर जळताना कुणाला तरी ही रटाळ यादी आठवायला हवी होती.

वॉटसनना पुतळा का लागला, तर ते लवकर मेले म्हणून. प्लासीनंतर दोन महिन्यांच्या आत, ऑगस्ट १७५७ मध्ये, कलकत्त्याच्या पावसाळ्यात तापानं ते गेले. ताफा पोकॉक यांच्याकडे आला. तेच पोकॉक, ज्यांच्या वाट्यावरून विजयदुर्गाआधी घासाघीस झाली होती. मोजून पाच वर्षांनी, १७६२ मध्ये, त्यांनी क्यूबातलं हवाना घेतलं आणि त्यांच्या एकट्याच्या वाट्याला १,२२,६९७ पौंड आले. त्याच मोहिमेतल्या साध्या खलाशाला मिळाले ३ पौंड १४ शिलिंग आणि काही पेन्स. खलाशाच्या तीस हजार पटींहून जास्त! हवानाच्या तापात माणसं किती मेली, याचा हिशेब स्मारकांवर कोरत नाहीत.

युद्ध संपलं की मात्र या सगळ्या धंद्याला ओहोटी. जहाजं बंदरात बांधून ठेवायची, अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर घरी पाठवायचं. नेल्सननंही १७८८ ते १७९३ अशी पाच वर्षं बापाच्या गावी शेती बघत आणि आरमाराची मुख्य कचेरी असलेल्या अ‍ॅडमिरल्टीला पत्रं लिहीत काढली. जहाज द्या, लहान द्या, कसलंही द्या. उत्तरं थंड. फ्रान्सच्या राजाचं डोकं उडालं तेव्हा कुठे नेल्सनला नोकरी लागली.

१८१५ मध्ये नेपोलियनचा कायमचा बंदोबस्त झाला आणि सगळ्यात मोठी ओहोटी आली. सुमारे दीड लाखांचं आरमार दोनेक वर्षांत वीस हजारांच्या आसपास आलं. खलाशांना घरी पाठवता येत होतं. अधिकारी यादीवर होते, त्यांना पुसायचं कसं? बहुतेकांना त्यानंतर पुन्हा जहाज मिळालं नाही. जहाजांचीही तीच गत. ऑक्टोबर १८१७ मध्ये, म्हणजे खडकीच्या लढाईला महिनाही उरला नव्हता तेव्हा, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ नावाचं सागवानी लढाऊ जहाज पाण्यात उतरलं. इंग्लंडला पोचलं ते थेट राखीव ताफ्यात बांधलं गेलं, ते १८४५ पर्यंत. मलबारचा साग, पारशी कारागीर, सगळं अव्वल. पण रुजू दिनांक चुकला. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. ज्यांना उमेदीत काम मिळालं नाही त्यांची प्रकृती टिकते, याचा हा लाकडी पुरावा.

जेन ऑस्टिनचे दोन भाऊ याच यादीत होते, म्हणून तिच्या कादंबऱ्यांत कॅप्टन, लुटीचा पैसा आणि बढतीसाठी कुणाच्या तरी काकांची मनधरणी हे सगळं इतकं अचूक येतं. थोरला फ्रान्सिस ट्रफाल्गारला हजर राहायला हवा होता. पण ऐन लढाईच्या वेळी त्याचं जहाज पाणी आणि शिधा भरायला जिब्राल्टरकडे पाठवलं गेलं होतं. त्याची ती हळहळ पत्रांतून दिसते. धाकटा चार्ल्स म्हातारपणीही कामावर होता. १८५२ मध्ये ब्रह्मदेशच्या युद्धात, त्र्याहत्तराव्या वर्षी, ऐरावती नदीवर पटकीनं गेला. फ्रान्सिस मात्र घरी शांतपणे सरकत राहिला आणि १८६३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, आरमारातल्या सर्वोच्च पदावर, अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट या पदावर पोचला. पाणी भरायला गेलेला माणूस ट्रफाल्गारला लढलेल्या बहुतेकांच्या वर गेला.

पण या शास्त्रातले खरे महामहोपाध्याय म्हणजे प्रोव्हो वॉलिस. जन्म १७९१, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा. वडील तिथल्या आरमारी कचेरीत मुख्य कारकून होते, म्हणजे हजेरीपट कसा चालतो हे ज्याला आतून ठाऊक असा बाप. त्यांनी मुलाचं नाव १७९५ मध्ये एका जहाजाच्या पटावर घातलं. वय चार वर्षं, हुद्दा कसलेला खलाशी. खरोखर जहाजावर चढला तेरा वर्षांचा असताना, आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८०५ मध्ये, फ्रेंचांनी ते जहाजच पकडलं. आठवड्याभरात इंग्रजांनी ते परत सोडवलं. एवढ्या अनुभवानंतर दुसरा कुणी बापाच्या कचेरीत चिकटला असता.

१ जून १८१३ ला बॉस्टनबाहेर इंग्रजांच्या ‘शॅनन’नं अमेरिकेचं ‘चेसापीक’ पाव तासाच्या आत जिंकलं. कॅप्टन ब्रोक यांच्या डोक्याला भयंकर जखम झाली, पहिला लेफ्टनंट मारला गेला. गुरुवारच्या इच्छेतला पहिला अर्धा भाग अक्षरशः फळाला आला आणि बावीस वर्षांच्या दुसऱ्या लेफ्टनंटच्या, म्हणजे वॉलिसच्या, हाती जहाज आलं. दोन्ही जहाजं छिन्नविच्छिन्न, खाली जखमी आणि कैदी. पकडलेलं जहाज सोबत घेऊन त्यानं ‘शॅनन’ सहा दिवसांत हॅलिफॅक्सला सुखरूप आणलं. काम चोख होतं, यात वाद नाही.

मग यादी सुरू झाली. १८१९ मध्ये कॅप्टन. त्यानंतर रिअर अ‍ॅडमिरल व्हायला १८५१ उजाडलं. बत्तीस वर्षांत मधूनमधून जहाज मिळालं, मधूनमधून नाही. १८५७ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या ताफ्याचा प्रमुख म्हणून खरीखुरी नेमणूक मिळाली, आणि लगेचच व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणून बढती आल्यामुळे त्याला परत बोलावलं गेलं. तेवढ्यावर त्याचा समुद्र संपला.

१८७० मध्ये चिल्डर्स नावाच्या मंत्र्यानं अखेर निवृत्तीचे नियम केले, म्हाताऱ्यांना घरी पाठवायला. फक्त जुन्या वीरांचा मान राखावा म्हणून एक अपवाद ठेवला. नेपोलियनच्या काळातल्या युद्धात ज्यांनी जहाजाचं नेतृत्व केलं असेल, त्यांना निवृत्त करू नये. १८१५ च्या आधीचे असे उरलेत तरी किती, आणि किती दिवस उरणार, असा कुणीतरी फाइलवर हिशेब केला असेल. वॉलिस तेव्हा एकोणऐंशीचा होता. आणि त्याच्या खात्यावर ते सहा दिवस होते.

त्या सहा दिवसांवर वॉलिसनं आणखी बावीस वर्षं पूर्ण पगार घेतला. १८७७ मध्ये अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट झाला. शिडं गेली, वाफ आली, लाकडाची जहाजं जाऊन पोलादी आली, आणि वॉलिस चिचेस्टरजवळच्या आपल्या गावी सक्रिय सेवेतच होता. नव्वदी उलटून बरीच वर्षं झाल्यावर अ‍ॅडमिरल्टीनं त्याला सुचवलं म्हणतात, की आता आपण स्वखुशीनं निवृत्त व्हावं, कारण सक्रिय सेवेत असल्यामुळे नियमानुसार आपल्याला समुद्रावर जाण्याचं बोलावणं येऊ शकतं. त्यानं कळवलं, की माझी तयारी आहे. मात्र वाफेच्या जहाजांचा मला अनुभव नाही, तेवढं लक्षात घ्यावं.

बोलावणं काही आलं नाही. पगार मात्र १८९२ च्या फेब्रुवारीत, शंभर वर्षं पुरी करून त्यानं डोळे मिटेपर्यंत, बिनचूक येत राहिला.